पेशी शिकवायची तर गुऱ्हाळ बरं

प्रश्न : स.न.वि.वि. आठवीच्या मुलांना ‘पेशी म्हणजे शहर’ असं सांगून शिकवते. केंद्रक म्हणजे महापौर, तंतुकणिका म्हणजे वीजकेंद्र, हे मुलं घडाघडा म्हणतात. पण पुढचा एक प्रश्न विचारला की सगळी गप्प. आपल्या भागातलं एखादं उदाहरण सुचवाल का?
— एक शिक्षिका, चिकोडी तालुका

उत्तर : तुमच्या पट्ट्यातल्या मुलांनी ऊसहंगामात पेटलेलं गुऱ्हाळ पाहिलेलं असतं, तेच घ्या. मात्र जोड्या जुळवून थांबू नका. प्रत्येक भागाबद्दल ‘हा बंद पडला तर काय अडेल?’ हे विचारा. मुलाला पेशी कळली की नुसती पाठ झाली, ते तिथेच समजतं.

सुरुवात चुलवाणापासून, म्हणजे तंतुकणिकेपासून करा. ऊस कुणी अख्खा चुलवाणात घालत नाही. आधी तो घाण्यातून पिळायचा, चिपाडं उन्हात वाळवायची, मग ती जाळायला घ्यायची. ग्लुकोजही थेट तंतुकणिकेत जात नाही. बाहेर पेशीद्रव्यात त्याच्या एका रेणूपासून पायरुव्हेटचे २ रेणू होतात आणि तेवढ्यात एटीपीचे, म्हणजे पेशी ज्यात वापरायची ऊर्जा बांधून ठेवते त्या पदार्थाचे, निव्वळ २ रेणू हाती लागतात. पायरुव्हेट तंतुकणिकेत शिरलं आणि ऑक्सिजन मिळाला, की एकूण हिशेब साधारण ३०पर्यंत जातो. चुलवाणाची हवा कोंडली तर नुसता धूर होतो, काहिलीला आच लागत नाही. तसाच ऑक्सिजन तुटला की पेशीला त्या २ रेणूंवर भागवावं लागतं आणि आपल्या स्नायूंत पायरुव्हेटचं लॅक्टेट होऊ लागतं. एक फरक मात्र मुलांना सांगायलाच हवा. चुलवाणात जाळ एकदम होतो. पेशी तीच ऊर्जा टप्प्याटप्प्याने काढून घेते आणि तिचा बराचसा भाग एटीपीत बांधते.

केंद्रकाला मालक म्हणू नये, असं आमचं ठाम मत आहे. माल कसा बनवायचा हे लिहिलेली मूळ वही तिथे असते, ती म्हणजे डीएनए. वही खोपटाबाहेर जात नाही. लागेल त्या पानाची नक्कल, म्हणजे आरएनए, बाहेर येते. ती वाचून रायबोसोम प्रथिनं जोडतात. बाहेर धाडायच्या प्रथिनांची घडी आंतर्द्रव्यजालिकेत बसते आणि कोणती कुठे जायची ती निवड गॉल्गी पिंडात होते. ढेपा फडक्यात बांधून, छाप मारून गाडीत चढवणाऱ्याचं हे काम. तो आला नाही तर तयार माल जागेवरच अडकतो. आणि वहीच नसली तर? माणसाच्या पक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं. तरी ती सुमारे १२० दिवस ऑक्सिजन वाहते, पण नवी प्रथिनं बनवू शकत नाही. हे उदाहरण वर्गात जरूर द्या, ‘महापौर’ आपोआप मागे पडेल.

भोवतालचं कुंपण ही पेशीभित्तिका; ती वनस्पतीत असते, प्राण्यांत नसते. फाटकावर बघून आत घेणारा माणूस म्हणजे प्रद्रव्यपटल. लयकारिकेला, म्हणजे पेशीतला टाकाऊ माल फोडणाऱ्या पिशवीला, मात्र गुऱ्हाळाची उपमा लावू नका. गुऱ्हाळात मळी काढून बाहेर टाकतात. लयकारिका निकामी भाग विकरांनी फोडते आणि त्यातलं बरंच काही पेशी पुन्हा वापरते.

प्रश्न : कांद्याच्या स्लाइडमध्ये काळ्या कडेचे गोल दिसले, मुलांनी तेच केंद्रक म्हणून काढले. तंतुकणिका दिसल्याच नाहीत. निदान रिक्तिका, म्हणजे पेशीतली पाण्याने भरलेली पिशवी, तरी दाखवता येईल का?
— विज्ञान शिक्षक, खानापूर

उत्तर : जाड काळी कड आणि आत लख्ख उजेड असेल तर तो हवेचा बुडबुडा. कव्हरस्लिप सपाट टाकली की हवा अडकते. तिची एक कड आधी पाण्याच्या थेंबाला टेकवा आणि सुईच्या आधाराने तिरकी, सावकाश खाली सोडा. केंद्रकासाठी पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा घ्या, साधारण ५ मिलिमीटरचा तुकडा पुरे. तो पाण्यातच पसरा, नाहीतर दुमडतो. पातळ आयोडीनचा एक थेंब घालून २-३ मिनिटं थांबा. केंद्रक पिवळसर तपकिरी दिसेल, बहुधा कडेला सरकलेलं, कारण मधली जागा रिक्तिकेने व्यापलेली असते. तंतुकणिका जेमतेम अर्धा ते एक मायक्रॉन जाड आणि रंगहीन असतात. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात खास रंगद्रव्याशिवाय त्यांची आशा धरू नका.

रिक्तिका मात्र झकास दिसते. लाल कांद्याच्या पाकळीचा बाहेरचा, फुगीर बाजूचा जांभळा पापुद्रा घ्या. आयोडीन नको, तो जांभळा रंग रिक्तिकेतल्या पाण्यातच असतो. ५० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवा. कव्हरस्लिपच्या एका कडेला हे पाणी सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ते आत ओढा. काही मिनिटांत प्रत्येक चौकटीतला जांभळा भाग आक्रसून भित्तिकेपासून सुटतो. भित्तिका जागच्या जागी राहते, म्हणजे ती आणि पटल वेगळी आहेत हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. मग तसंच साधं पाणी ओढा, रंग पुन्हा कडेपर्यंत पसरतो. मीठ फार तीव्र झालं किंवा पापुद्रा त्यात फार वेळ राहिला तर पटलं फाटतात, रंग बाहेर झिरपतो आणि मग पाणी घालूनही पेशी भरत नाहीत. अशा वेळी नवा पापुद्रा घ्या.