गाडीचं विचारा : डीपीएफ काढून सरळ पाइप टाकू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. ह्यूस्टनजवळ केटीला आमचा बागकामाचा व्यवसाय आहे. 2016 ची राम 2500 पिकअप, 6.7 लिटर डिझेल, 1 लाख 30 हजार मैल झालेत. गवत कापायची यंत्रं ट्रेलरवर घालून रोज जवळच्याच सात-आठ घरी जातो. भाद्रपदात त्याच ट्रेलरवर पथकाचे ढोल असतात. अलीकडे गाडीची ओढ कमी झालीय आणि दर शंभर-सव्वाशे मैलांनी डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीतली) काजळी जाळायचं रीजेन सुरू होतं. गॅरेजवाला म्हणतो, डीपीएफ काढून टाकू, पाच इंची सरळ पाइप लावू आणि कॉम्प्युटर ट्यून करू, म्हणजे ताकद वाढेल. टेक्सासमध्ये डिझेलच्या धुराची चाचणी होतच नाही, मग काय हरकत? सायलेन्सर तसाही गंजलाय, आणि आवाज जरा भारदस्त हवा आहे.

उत्तर : हरकत मोठी आहे. हे काम करू नका.

माझे वडील कोल्हापुरात उद्यमनगरात डिझेल इंजिनांचं काम करायचे. गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी ते मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवत आणि काजळी बघत. गेली अठरा वर्षं मी इंडियानात डिझेल पिकअप दुरुस्त करते, आणि अजूनही पहिलं काम तेच करते. तुम्हीही करा. गाडी पूर्ण थंड असताना टेलपाइपच्या आतून पांढरं फडकं फिरवा. फडकं जवळजवळ स्वच्छ निघालं तर डीपीएफ आपलं काम चोख करतोय. काळंकुट्ट निघालं तर आतली जाळी तडकलेली असू शकते, आणि मग प्रश्नच वेगळा.

डीपीएफ म्हणजे चिनीमातीसारख्या पदार्थाचं मधाचं पोळं. त्याचं प्रत्येक भोक एका टोकाला बुजवलेलं असतं, त्यामुळे वायू भिंतीतून झिरपून पुढे जातो आणि काजळी मागे राहते. गाडी भार घेऊन हायवेला पळाली की उष्णतेनं ती थोडी थोडी जळत राहते. तेवढ्यानं भागलं नाही तर इंजिन जास्तीचं डिझेल सोडून तापमान 600 अंश सेल्सिअसच्या आसपास नेतं. हे तुमचं रीजेन. त्याला वीस-तीस मिनिटं सलग पळणं लागतं. तुम्ही दहा मिनिटांत दुसऱ्या घरापाशी पोहोचता, किल्ली फिरवता, आणि ते अर्ध्यात राहतं. न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, काजळी तशीच राहते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

म्हणून आधी मूळ शोधा. इंटरकूलरच्या (टर्बोकडून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) रबरी नळ्या आणि क्लॅम्प साबणाच्या पाण्यानं तपासा. तिथून हवा गळत असेल तर ओढही जाते आणि काजळीही वाढते. तुमच्या दोन्ही तक्रारी एका सैल क्लॅम्पमधून आलेल्या असणं अगदी शक्य आहे. इंजिनावरच्या झाकणाखाली क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ गाळणारा, फिल्टर असतो, तो 67,500 मैलांना बदलायचा असतो. तुमचा कधी बदललाय? पुष्कळांना तो आहे हेच माहीत नसतं. ऑइल सीके-4 दर्जाचंच, म्हणजे कमी राख सोडणारं, घाला. ऑइलमधल्या द्रव्यांची राख डीपीएफमध्ये साचते आणि ती कितीही तापवली तरी जळत नाही. इतक्या मैलांनंतर डीपीएफ उतरवून यंत्रावर साफ करून घेणं योग्यच आहे. आणि आठवड्यातून एकदा यंत्रं घातलेला ट्रेलर जोडून अर्धा तास हायवेला काढा. ग्राहकाच्या दारात इंजिन चालू ठेवून थांबायची सवय असेल तर ती आजच सोडा.

आता कायद्याचं. राज्य चाचणी घेत नाही, हे खरं. पण प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढण्याची बंदी संघराज्याच्या क्लीन एअर ॲक्टमध्ये आहे आणि ती टेक्सासलाही लागू आहे. ईपीएनं, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, 2020 मध्ये अंदाज मांडला होता की आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची ही यंत्रणा काढली गेली, आणि त्या गाड्या आयुष्यभरात 5 लाख 70 हजार टनांहून जास्त नायट्रोजन ऑक्साइड जादा सोडतील. मला मात्र या आकड्यापेक्षा तुमचा भाद्रपद जास्त अस्वस्थ करतो. मिरवणुकीत ही गाडी चालीच्या वेगानं पुढे असणार, आणि तिच्या मागे ढोल कमरेला बांधून, धापा टाकत, मोठमोठे श्वास घेत पोरं चालणार. माझे वडील शेवटची सहा वर्षं खोकत होते. कशामुळे, ते डॉक्टरांनी एका शब्दात कधी सांगितलं नाही. पण त्यांच्या गॅरेजच्या भिंतींचा रंग मला आठवतो.

सायलेन्सर गंजलाय म्हणता, तो जरूर बदला. डीपीएफ आणि एससीआरच्या (नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या भागाच्या) मागचा भागच फक्त बदलणारे संच मिळतात. दुकानात 'डीपीएफ-बॅक' म्हणा, त्यांना कळतं. पुढचं काहीही हलवायचं नाही. चार इंची पुरे. पाच इंचीनं ताकद वाढत नाही, कारण खरा अडथळा पुढे डीपीएफमध्ये आहे, नळीत नाही. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून मी 304 स्टेनलेस घ्यायला सांगते. केटीत 409 चालेल. त्यावर वरवर तांबूस गंज येईल, पण नळी टिकेल आणि पैसे वाचतील. आवाजात फार फरक पडेल अशी आशा ठेवू नका. टर्बो आणि डीपीएफ मिळून बराचसा आवाज आधीच गिळतात.

एक गोष्ट मात्र सोडू नका. पुष्कळ डिझेल पिकअपच्या मूळ टेलपाइपच्या टोकाशी बाहेरची थंड हवा आत खेचणारी फटींची रचना असते, रीजेनच्या वेळी बाहेर पडणारा वायू निवावा म्हणून. नव्या संचात ती आहे का, बघूनच घ्या. 2014 च्या ऑगस्टमध्ये मी माझ्याच गाडीला साधं कापलेलं टोक लावलं होतं. वाळलेल्या गवतावर गाडी उभी केली तेव्हा रीजेन चालू होतं, आणि दोन मिनिटांत गवत पेटलं. शेजारच्या शेतकऱ्यानं पाण्याची टाकी आणली म्हणून निभावलं. तुम्ही तर रोज कापलेल्या गवतातच गाडी उभी करता.

प्रश्न : आमची 2021 ची फोर्ड एफ-250 पेट्रोलवर चालते, 7.3 लिटर व्ही-8. गेल्या महिन्यात कॅट-बॅक एक्झॉस्ट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागची सगळी नळी आणि सायलेन्सर, नवा बसवला. आवाज सुरेख आहे, पण हायवेला एका ठरावीक वेगाला केबिनमध्ये असा घुमतो की मुलगी कान झाकते. मूळचा परत लावावा का?

उत्तर : घाई करू नका. आठ सिलिंडरांच्या इंजिनात दर फेऱ्याला चार ठोके बाहेर पडतात. मिनिटाला 1,800 फेरे असतील तर सेकंदाला 120 ठोके, आणि नेमका तोच सूर केबिनच्या पत्र्याला पकडतो. आधी नळी कुठे चासीला टेकतेय का ते बघा. रबरी टांगण्या ताणल्या गेल्या असतील तर नळीची थरथर थेट केबिनमध्ये पोहोचते. टांगण्या ठीक असतील तर रेझोनेटर (ठरावीक सूर मारणारी डबी) घालून घ्या, किंवा चांगल्या वेल्डरकडून नळीला एक बंद टोकाची बाजूनळी जोडून घ्या. तापलेल्या वायूत 120 च्या सुराला तिची लांबी साधारण मीटरभर येते. पण आधी, आवाज घुमतो त्या वेळी टॅकोमीटरवर किती फेरे दिसतात ते लिहून ठेवा आणि तो आकडा वेल्डरला द्या. त्याशिवाय त्याला नळी कापू देऊ नका.