वाचक विचारतात : लोकलची गर्दी देखाव्यात कशी दाखवावी?

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाला यंदा लोकलच्या गर्दीवर देखावा करायचा आहे. डब्याची प्रतिकृती करावी का? बजेट थोडं आहे. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : डबा करू नका. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, लाकडी सांगाडा महाग पडतो, आणि डब्यापुढे लोक फोटो काढून निघून जातात. गर्दी कुणाच्या अंगाला जाणवत नाही. त्यापेक्षा एक चौरस मीटर जमीन दाखवा. ऐन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये तेवढ्या जागेत 14 ते 16 माणसं उभी असतात. रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’.

12 मिलिमीटर प्लायचा 4 बाय 4 फुटांचा तुकडा घ्या. त्याला फळ्याच्या मॅट काळ्या रंगाचे दोन हात द्या. चकचकीत ऑइलपेंटवर पाय घसरतो. मधोमध 100 सेंटिमीटर बाजूचा चौकोन आखा आणि दोन्ही कर्ण मोजा. 141.4 सें.मी. भरले तरच चौकोन काटकोनात आहे.

जुन्या एक्स-रे फिल्ममधून बुटांच्या एका जोडीचा छापा कापा, 28 सें.मी. लांब आणि 20 सें.मी. रुंद. पांढरा रंग स्पंजने टिपत लावा. ब्रशने ओढला की तो फिल्मखाली शिरतो आणि कडा फुटतात. एका ओळीत 5 जोड्या, अशा 3 ओळी. बहुतेकांची चूक इथेच होते : पावलं मोकळी ठेवून जोडी 25 सें.मी. रुंद धरली, तर 12 जोड्यांतच चौकोन भरतो. 20 सें.मी.त बूट बुटाला चिकटतो, आणि तसंच हवं. मोठ्या माणसाचे खांदे 40 सें.मी.च्या आसपास असतात, म्हणजे माणूस तिरका झाल्याशिवाय मावतच नाही. म्हणून काही जोड्या उलट तोंडाने छापा. मागे 16 सें.मी.ची पट्टी उरते, तिथे जेवणाच्या डब्याच्या पिशव्या काढा. पंधरावी जोडी फक्त बाह्यरेषेत ठेवा. बघणारा आपसूक तिथे पाय ठेवतो, आणि हा देखावा त्या एका पावलासाठीच आहे.

प्लाय दर्शनाच्या रांगेत ठेवू नका, कडेला ठेच लागते. भिंतीला लावून ठेवा. वर एकच ओळ : ‘14 प्रवासी, 1 चौरस मीटर.’ अक्षरं किमान 5 सें.मी. उंच असू द्या. ‘मुक्ता’ हा मोफत फाँट मध्यम जाडीत चालेल. फार जाड घेतला तर मात्रा आणि वेलांट्या बुजतात.

प्रश्न : बसथांब्यावरची रखडपट्टी अशीच दाखवता येईल? – एक वाचक, पुणे

उत्तर : येईल. रोज एक रिबीन कापा, 1 मिनिटाला 1 सें.मी., आणि महिनाभराच्या रिबिनी एका काठीला शेजारीशेजारी टांगा. सरासरी लिहू नका. एक दिवस 4 मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी 36 थांबलात तर सरासरी 20 येते, आणि लेटमार्क ज्या दिवशी लागला तोच दिवस त्यात हरवतो. साटीनच्या रिबिनीच्या टोकाला लगेच मेणबत्तीची आच द्या. धागे सुटले की लांबी कमीजास्त दिसते.