वाचक विचारतात: फटाक्यांचा स्टॉल, पार्किंगमधला सुतळी बॉम्ब आणि माळ्यावरचं खोकं

अग्निशमन दलातून निवृत्त झाल्यावर हे सदर माझ्याकडे आलं. तेव्हापासून दसरा जवळ आला की पत्रांचा विषय ठरलेला असतो. यंदाही निम्मी पत्रं आवाजाबद्दल आहेत. आवाजाचा त्रास खराच, पण माझ्या लेखी फटाक्यांच्या नियमांत पहिला मान अंतराचा. म्हणून स्टॉलचं पत्र आधी घेतो.

साहेब, मी आणि माझा चुलतभाऊ यंदा फटाक्यांचा स्टॉल टाकायचं म्हणतोय. घर चौकातच आहे, खालचा गाळा रिकामा आहे, वर आम्ही राहतो. एक ओळखीचा व्यापारी म्हणतो, माझ्या परवान्याची झेरॉक्स लावा, चार दिवसांचा तर धंदा, कोण बघतंय. चालेल का?
— एक तरुण वाचक, कराड

नाही चालणार. परवाना ठरावीक माणसाला ठरावीक जागेसाठी मिळतो. त्या व्यापाऱ्याचा कागद त्याच्या दुकानापुरता आहे, तुमच्या गाळ्यात तो रद्दी. सणासाठी तात्पुरता परवाना निघतो. तुमच्याकडे तो जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळेल. पुण्या-मुंबईसारखं पोलीस आयुक्तालय असेल तिथे आयुक्तांकडून. सोबत पोलीस ठाणं, अग्निशमन आणि जागामालक यांचे ना हरकत दाखले लागतात. वसुबारसेला अर्ज घेऊन धावणारे दरवर्षी भेटतात. तुम्ही आत्ताच चौकशीला लागा.

आता गाळ्याचं. वर राहतं घर आहे, म्हणजे तो विचार सोडाच. स्फोटक नियम २००८ मध्ये तात्पुरत्या दुकानांसाठी ८४ क्रमांकाचा नियम आहे. छोटासाच आहे, पण त्यातली ओळ न् ओळ कुठल्या तरी आगीतून आल्यासारखी वाटते. शेड न जळणाऱ्या साहित्याची हवी. म्हणजे पत्रा चालतो; बांबू, कनात आणि ताडपत्री नाही. दोन शेडमध्ये किमान ३ मीटर मोकळी जागा. घरं, शाळा, देवळं, रस्ते अशा जपायच्या ठिकाणांपासून ५० मीटर लांब. एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकानं नकोत. आणि दुकानांची तोंडं समोरासमोर नकोत, कारण एका शेडमधून सुटलेलं रॉकेट थेट समोरच्या मांडणीत घुसतं.

दिव्यांचंही तसंच. आत कंदील, गॅसबत्ती, उघडी ज्योत काही चालत नाही. विजेचा दिवा भिंतीला किंवा छताला पक्का बसवायचा, वायरला लोंबता बल्ब नको. प्रत्येक रांगेला एक मुख्य स्विच लागतो. आणि दादा, लक्ष्मीपूजनाला गल्ल्याची पूजा कराल तेव्हा निरांजन आणि उदबत्ती घरी. स्टॉलमध्ये हळदकुंकू वाहा, फूल ठेवा, देवी रागावणार नाही. गिऱ्हाईक म्हणेल, "एक वाजवून दाखवा की." शेडपासून ५० मीटरच्या आत वाजवायचा नाही, असं नियमच सांगतो. त्याला तो तसाच ऐकवा.

हे सगळं अंतरावर का येऊन थांबतं? साध्या आगीवर घोंगडी टाकली की हवा तुटते आणि आग विझते. फटाक्याच्या दारूचं तसं नाही. तिच्यात सोरा किंवा तसाच प्राणवायू पुरवणारा क्षार मिसळलेला असतो. तिला बाहेरच्या हवेची गरजच नसते, झाकली तरी ती जळतच राहते. त्यामुळे भरलेला स्टॉल एकदा पेटला की बंब आला तरी आम्ही तो वाचवत नाही. शेजारचे स्टॉल भिजवत बसतो. मधे ३ मीटर मोकळे असतील तर ते भिजवता येतात. पडद्याला पडदा लागलेला असेल तर भिजवायचं काय? २९ ऑक्टोबर २०१६ ला औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जिल्हा परिषद मैदानावर शंभराहून जास्त स्टॉल एका पाठोपाठ एक जळाले, बाजूला लावलेल्या गाड्याही गेल्या. ऐन दिवाळीतली सकाळ होती ती. मैदान होतं, बाजार होता, आणि तरीही आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली.

वाळूच्या बादल्या, पाण्याचे ड्रम आणि अग्निशामक नळकांडं दर्शनी ठेवा. नळकांडं कसं चालवायचं ते दोघांनी आधी शिकून घ्या. तिथेच पिन शोधत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आमच्या सोसायटीत मुलं पार्किंगमध्ये सुतळी बॉम्ब लावतात, तेही रात्री साडेअकराला. बोललं की त्यांचे वडील म्हणतात, "सण आहे, तुम्ही हिंदू नाही का?" कमिटी म्हणून आम्ही काय करू शकतो? हजाराच्या माळेवर बंदी आहे हे खरं का?
— सोसायटीच्या सचिव, डोंबिवली

ताई, सणावर वाद घालू नका, त्यात तुम्ही हरणार. वेळेवर बोला. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवायचे नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निर्णय आहे. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीसाठी रात्री ८ ते १० एवढीच वेळ दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हवेच्या प्रदूषणावरून ८ ते १० चाच आदेश काढला होता. दरवर्षी सणाआधी पोलीस आयुक्तालयाचा आदेश निघतो. त्याची प्रत सूचनाफलकावर लावा, मग भांडण तुमच्याशी उरत नाही.

माळ: हो, त्याच २०१८ च्या निकालात जोडलेल्या माळांवर बंदी आली. ऑनलाइन फटाके विकायलाही तेव्हाच मनाई झाली, त्यामुळे कुणी मोबाईलवरून मागवले म्हणून फुशारकी मारत असेल तर त्यालाही हे वाचून दाखवा. आवाजाची मर्यादा १९९९ पासून आहे: फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल. पण ती मोजायला तुमच्याकडे यंत्र नाही आणि पोलीस शिपायाकडेही नसतं, म्हणून डेसिबलवर वेळ घालवू नका.

मला खरी काळजी पार्किंगची आहे. वर छत, चारी बाजूंना पेट्रोलच्या टाक्या, आणि लोकांच्या पळायच्या वाटेवर जळता फटाका. इथे वेळ ८ ची असो वा ११ ची, कमिटीने सरळ मनाई करावी आणि त्याबदली गच्ची नव्हे, मोकळं पटांगण नेमून द्यावं. ऐकलं नाही तर ११२. स्फोटक पदार्थ निष्काळजीपणे हाताळून लोकांचा जीव धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८८ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वडिलांना एवढं वाचून दाखवलं की बहुधा पुढचं लागत नाही.

हिरवे फटाके म्हणजे धूर नसलेले का? दुकानदार हिरव्या रंगाचं खोकं दाखवतो आणि दीडपट पैसे सांगतो.
— एक गृहिणी, नागपूर

खोक्याचा रंग कुणीही छापतो. हे फटाके तुमच्याच गावच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केले. त्यातून सूक्ष्म कण सुमारे ३० टक्के कमी निघावेत, असा हिशेब आहे. म्हणजे धूर आहेच, थोडा कमी. खोक्यावर संस्थेचं चिन्ह आणि क्यूआर कोड बघा, कोड मोबाईलवर तपासा, उत्पादकाचं नाव-पत्ता वाचा. यातलं काही नसेल तर दीडपट काय, निम्म्या किमतीलाही घेऊ नका. भाजायच्या बाबतीत मात्र हिरवा आणि लाल यांत काही फरक नाही.

गेल्या वर्षीचं फटाक्यांचं खोकं माळ्यावर आहे. उन्हात वाळवून यंदा वापरू का? की नातवंडांसाठी गाडीने गावी घेऊन जाऊ?
— एक आजी, वर्धा

दोन्ही नको, आजी. ओल खाल्लेली वात कधी लवकर पेटते, कधी मधेच दबून राहते, आणि दबलेलीच जास्त वाईट. पोरं वाकून बघायला जातात. बादलीभर पाण्यात खोकं उघडून सगळं रात्रभर बुडवा, लगदा झाला की ओलाच कचऱ्याच्या माणसाला सांगून द्या. चुलीत किंवा शेकोटीत तर मुळीच नाही.

रेल्वेत फटाके नेणं गुन्हा आहे, एक डबी असली तरी. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नातवंडांना चिवडा न्या.

फुलबाजीने हात भाजला तर टूथपेस्ट लावावी की हळद?
— अनेक वाचक

दोन्ही नाही. नळाचं साधं वाहतं पाणी, २० मिनिटं. बर्फ नको, शाई नको, तूपही नको. अंगठी, बांगड्या लगेच काढा, मागाहून सूज येते. फोड फोडू नका, स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा आणि दवाखाना गाठा. डोळ्याला लागलं असेल तर चोळायचं नाही, डोळा धुवायचाही नाही, वर कोरडं काहीतरी कडक झाकण, कागदी पेल्याचा तळही चालेल, ते हलकेच धरून थेट नेत्रतज्ज्ञाकडे. आणि विझलेली फुलबाजी अंगणात टाकू नका. ती तार बराच वेळ तापलेली असते आणि तिच्यावर अनवाणी पाय पडतो. पाण्याची एक बादली शेजारी ठेवा, तार तिच्यात.