घरगुती ध्वनिमुद्रण: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी मुलगी शास्त्रीय गायन शिकते. रियाजाचे मुद्रण करता यावे म्हणून आम्ही कंडेन्सर मायक्रोफोन आणि ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन संगणकाला जोडणारे उपकरण) घेतला. परंतु मुद्रित आवाज घुमतो आणि ती तारसप्तकात गेली की फाटतो. अधिक महाग मायक्रोफोन घ्यावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: इतक्यात घेऊ नये. आपण सांगितलेले दोन्ही दोष मायक्रोफोनचे दिसत नाहीत. कंडेन्सर मायक्रोफोन संवेदनशील असल्यामुळे गळ्याबरोबरच फरशीवरून आणि उघड्या भिंतींवरून परतणारा आवाजही तो टिपतो, आणि महाग मायक्रोफोन तोच घुमारा अधिक स्पष्टपणे टिपेल. अनेकजण मायक्रोफोनच्या मागे फोम लावतात. परंतु घरगुती वापरातले बहुतेक मायक्रोफोन कार्डिऑइड प्रकारचे, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारे असतात, आणि त्यांच्या समोर गाणारी व्यक्ती व तिच्या पाठीमागची भिंत असते. म्हणून जाड गोधड्या मुलीच्या पाठीमागे टांगाव्यात, खाली सतरंजी अंथरावी आणि शक्य असल्यास कपड्यांनी भरलेल्या कपाटांची खोली निवडावी. पंखा बंद ठेवावा लागेल, मे महिन्यात हे सांगणे सोपे आणि करणे कठीण असले तरी. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला असावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना श्वासाचा झोत थेट त्यावर बसणार नाही. फार जवळ नेल्यास मात्र खर्ज अकारण फुगतो.

आवाज फाटतो तो इंटरफेसवरील गेन, म्हणजे मायक्रोफोनचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारे बटण, जास्त असल्यामुळे. बहुतेकजण आलापाच्या सुरुवातीला, मंद्रातल्या हलक्या स्वरांवर गेन ठरवतात. तो तारसप्तकातल्या सर्वांत जोरकस तानेवर ठरवावा आणि त्या वेळी संगणकावरील पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावी (शून्याच्या वर आवाज फाटतो). मुद्रण २४ बिटमध्ये, म्हणजे अधिक बारीक मोजमापाने, केल्यास हलके स्वर नंतर वाढवता येतात, फाटलेला स्वर मात्र पूर्ववत होत नाही. तानपुरा मोबाइलवर लावत असाल, तर तो कान पूर्ण झाकणाऱ्या, बंद पाठीच्या हेडफोनमध्येच ऐकावा. स्पीकरवर लावल्यास तो गळ्याच्या आवाजात मिसळतो आणि पुढे वेगळा काढता येत नाही.

प्रश्न: गाताना हेडफोनमध्ये माझाच आवाज किंचित उशिरा येतो आणि लय सुटते. (एक वाचक, फोंडा)

उत्तर: संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी हाताळतो, त्यामुळे हे होते. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेताना बफर, म्हणजे असा एक तुकडा, ५१२ नमुन्यांचा असेल, तर सुमारे ११ मिलिसेकंद आत येताना आणि तितकेच बाहेर जाताना लागतात. बफर १२८ वर आणावा. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ची (आवाज संगणकात न नेता थेट हेडफोनमध्ये ऐकवणारी) कळ असल्यास तीच वापरावी आणि सॉफ्टवेअरमधून येणारा आपला आवाज बंद करावा, अन्यथा दोन्ही एकदम ऐकू येतील. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज आणखी उशिरा येतो, म्हणून ते या कामासाठी उपयोगाचे नाहीत.