वेलावरचे सोनेरी किडे

प्रश्न : ताई, आमच्या बाल्कनीत मॉर्निंग ग्लोरीचा वेल आहे. पावसाळ्यात त्यावर सोनेरी लेडीबर्ड आले. कडा काचेसारखी आरपार, तिच्यावर चार कोपऱ्यांत तपकिरी पट्टे. मुलीने त्यातला एक डबीत ठेवला, तर मेल्यावर त्याचं सोनं गेलं आणि नुसता तपकिरी उरला. पानांना भोकं पडली आहेत आणि पानांच्या मागे काळी, काटेरी घाण चालताना दिसते. औषध मारू का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : औषध अजिबात मारू नका. हे लेडीबर्ड नव्हेत, कासव भुंगेरे आहेत. पाठवलेल्या फोटोतल्या चार पट्ट्यांवरून हा अ‍ॅस्पिडिमॉर्फा सँक्टेक्रुसिस दिसतो. बहुतेक लेडीबर्ड मावा खातात, कासव भुंगेरे मात्र पानंच खातात. ओळखायचं असेल तर वरून बघा. लेडीबर्डचं डोकं पुढे दिसतं. याचं डोकं आणि पाय ढालीखाली झाकलेले असतात, फक्त मिशांची टोकं बाहेर येतात. मुंगी जवळ आली की हा ढाल पानाला घट्ट टेकवून बसतो. मग मुंगीला धरायला काही सापडत नाही.

आता सोन्याचं. तो रंग नसतोच. पाठीच्या कवचात अतिशय पातळ थर एकावर एक असतात आणि त्यांच्यावरून परतणारा प्रकाश आपल्याला सोनेरी दिसतो. ही चमक थरांतल्या ओलाव्यावर टिकते. किडा मेला, वाळला की ती जाते. पनामातल्या अशाच एका सोनेरी भुंगेऱ्यावर बेल्जियमच्या संशोधकांनी 2007 मध्ये काम प्रसिद्ध केलं. त्याला डिवचलं की थरांतलं द्रव निघून जातं, आरसा नाहीसा होतो आणि खालचा लाल रंग दिसतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, हे किडे डबीत नको, वेलावरच बघा. मुलीला हे नक्की सांगा, तिने फार चांगली गोष्ट टिपली आहे.

आणि ती ‘घाण’ म्हणजे याच भुंगेऱ्याची पिल्लं! भिंग घेऊन बघा. चपटी अळी, कडेने काटे, शेपटाला दोन टोकांचा काटा. कात टाकली की जुनी कात ती त्या काट्यावर अडकवून ठेवते, काही जातींत विष्ठाही त्यावरच साठते. हे ओझं ती पाठीवर छत्रीसारखं धरते. मुंगीने मागून हात घातला, तर हेच ओझं ती तिच्या तोंडावर आपटते. मला तर सोन्यापेक्षा ही अळी जास्त आवडते.

वेल फारच खाल्ला गेला तर अळ्यांसकट थोडी पानं तोडून बेशरमच्या झुडपावर ठेवा. नाल्याकाठी, तळ्याकाठी ती असतेच. मॉर्निंग ग्लोरी, बेशरम, रताळं, सगळी एकाच कुळातली. इथे ठाण्यात मी येऊरकडे जाते तेव्हा किडा शोधत नाही, आधी याच कुळातले वेल शोधते. पानाला गोल भोकं दिसली की पान उलटायचं. हिरवा, बारीक, पाठीवर काळं कडं आणि मधोमध काळी रेघ असलेला दिसला, तर तो कॅसिडा सर्कमडाटा. मोठा, पिवळट आणि काळ्या ठिपक्यांचा असेल तर अ‍ॅस्पिडिमॉर्फा मिलिआरिस. त्याच्या अळ्या एकाच पानावर घोळक्याने बसतात. ठिपक्यांमुळे लेडीबर्ड म्हणून सगळ्यात जास्त फसवतो तो हाच.

पुढचा फोटो पाठवाल तेव्हा किड्याबरोबर झाडाचं पूर्ण पानही येऊ द्या. जात ओळखताना मी पहिल्यांदा तेच बघते.