नोव्हेंबरमध्ये मुलं आणि आईबाबांना घेऊन इटलीत चिंक्वे तेर्रेला, म्हणजे समुद्रकाठच्या त्या पाच गावांना, जावं का?

जा की, फक्त समुद्रात डुंबायचं डोक्यातून काढा. बोटी तोवर बंद होतात पण जवळच्या ला स्पेत्सिया शहरापासून लेवांतोपर्यंत लोकल ट्रेन वर्षभर असते, पाचही गावांत थांबते, त्यामुळे अडत काही नाही, मुक्काम ला स्पेत्सियात करा कारण गावांतली बरीच हॉटेलं तेव्हा बंदच असतात. पाऊस मात्र जाम! २०११ च्या ऑक्टोबरमध्ये वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो या त्यातल्याच दोन गावांत पुराने हाहाकार उडवला होता, तेव्हा अलर्ट असेल तर डोंगरातल्या पायवाटा विसरा. आईबाबा शाकाहारी असतील तर फारिनाता मागा, चण्याच्या पिठाचं जाड धिरडंच ते, मिरची तेवढी नाही. आणि तारीख ढकलता येत असेल तर ८ डिसेंबरनंतर बघा, पाचांतल्याच मानारोला गावाच्या डोंगरावर येशूजन्माचा दिव्यांचा देखावा लावतात, मुलं एकदम खूश.