वाचकांचे प्रश्न : पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची डिस्क

प्रश्न : माझ्याकडे १९६० च्या दशकातील एमजीबी ही दोन आसनी ब्रिटिश गाडी आहे. माझ्या थोरल्या काकांनी ती चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवरील शर्यतींत चालवली होती. आता मी ती वर्षातून दोनतीनदा आंबोली घाटातून बेळगावला नेतो आणि जुन्या गाड्यांच्या शर्यतीत पुन्हा उतरवावी अशी माझी इच्छा आहे. पावसाळ्यात ती मांगरात उभी असते. यंदा ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरते. आमचे मिस्त्री म्हणतात की डिस्क वाकली आहे, छिद्रांची नवी डिस्क बसवा. काय करावे?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : नवी डिस्क मागवण्याआधी जुनी मोजून पाहावी, कारण आपल्या पत्रातले ‘पावसाळ्यात ती मांगरात उभी असते’ हे वाक्य मला मिस्त्रींच्या निदानापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, ती करड्या बिडाची असते. हे बीड उष्णता झटपट वाहून नेते आणि कंपने शोषून घेते, म्हणूनच इतकी वर्षे त्याला सहज पर्याय सापडलेला नाही. पण खाऱ्या दमट हवेत ते उघडे पडले की काही तासांतच त्यावर गंज धरतो. उघड्या भागावरचा हा वरवरचा गंज चारदोन वेळा ब्रेक दाबला की निघून जातो. खरे नुकसान पॅडच्या, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या घर्षणपट्ट्यांच्या, खाली होते, कारण तिथे ओल आणि मीठ अडकून राहते आणि बीड खोलवर खाल्ले जाते.

मालवणजवळच्या अशाच एका गाडीचे चाक मी नारळी पौर्णिमेनंतर उघडले होते. पॅड डिस्कला इतके घट्ट चिकटले होते की पेचकसाने उचकटावे लागले, आणि ते निघाल्यावर डिस्कवर पॅडचा जसाच्या तसा आकार काळपट तपकिरी रंगात उमटलेला दिसला. त्याच्या कडेवरून नख फिरवले तर नख अडत होते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो डाग पॅडखालून जातो आणि पेडलला धक्का देतो. चालवणाऱ्याला मात्र डिस्क वाकल्यासारखे वाटते. बिडाची डिस्क खरोखर वाकलेली क्वचितच आढळते. बहुतेक वेळा दोष असतो तो जाडीतल्या फरकाचा, मग तो गंजामुळे आलेला असो किंवा पॅडचा थर एकाच जागी बसल्यामुळे.

म्हणून मायक्रोमीटर घ्यावा आणि डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून सुमारे १२ मिलिमीटर आत, समान अंतरावरच्या आठ ठिकाणी जाडी मोजावी. सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ जागेत ०.०२ मिलिमीटरचा फरक निघाला तरी पेडल थरथरण्यास तो पुरेसा ठरतो. त्यानंतर डायल गेज (फिरताना डिस्क किती डोलते ते काट्यावर दाखवणारे मापक) लावून डिस्क फिरवावी, काटा ०.०८ मिलिमीटरपेक्षा अधिक हलू नये. आपल्या गाडीत एक गोष्ट विसरता कामा नये : हिची डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, मागून चार बोल्टांनी बसवलेली असते, त्यामुळे ती काढायची तर हबही उतरवावा लागतो, आणि पुन्हा बसवताना बेअरिंगचा मोकळेपणा शिम (पातळ चकत्या) घालून ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान आणावा लागतो. बेअरिंग ढिले असेल तर डायल गेजचा आकडाच खोटा येतो. हब आणि डिस्क यांच्यामध्ये गंजाची एखादी पापडी राहिली तर कोरी डिस्कही वेडीवाकडी फिरते. म्हणून दोन्ही बैठका वायर ब्रशने धातू चमकेपर्यंत स्वच्छ कराव्यात.

डाग उथळ असेल तर डिस्क हबसह लेथवर चढवून दोन्ही बाजूंनी सारखा हलका कट मारून घेता येतो. मात्र त्यानंतर उरणारी जाडी गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधील किमान मर्यादेच्या वर राहिलीच पाहिजे. ती राहत नसेल, खड्डे खोल असतील किंवा एखादी चीर कडेपर्यंत पोहोचली असेल, तर डिस्क भंगारात द्यावी. काकांची आठवण म्हणून ती भिंतीवर टांगा, पण गाडीवर चढवू नका.

आता छिद्रांच्या डिस्कविषयी. माझे स्पष्ट मत आहे की आपण ती घेऊ नये. डिस्कचे काम उष्णता साठवणे आणि मग ती हवेला देणे हे आहे. चालकासह सुमारे १००० किलो वजनाची गाडी ताशी १२० किलोमीटर वेगावरून थांबवली तर साधारण ५५० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कांवर येतो. घाटात ६०० मीटर उतरताना हीच गाडी सुमारे ५९०० किलोज्यूल ऊर्जा सोडते, म्हणजे तशा दहा थांब्यांहूनही अधिक! त्यातला बराचसा भार खालच्या गिअरवर इंजिनाने उचलला नाही, तर डिस्कला निवण्याची उसंतच मिळत नाही. अशा वेळी छिद्रे पाडून बिडाचे वजन कमी करणे म्हणजे उष्णतेची कोठीच लहान करणे होय. शिवाय वारंवार तापून निवताना चिरा छिद्रांच्या कडांपासूनच सुरू होतात. पॅडखालचा वायू निघून जावा हा छिद्रांमागचा जुना हेतू होता, पण आजच्या चांगल्या पॅडना त्याची फारशी गरज नसते. मूळ मापाची, म्हणजे २७३ मिलिमीटर व्यासाची साधी सलग डिस्क, नामांकित उत्पादकाची आणि दोन्ही बाजूंना जोडीनेच घ्यावी. हवेच्या खाचा असलेली जाड डिस्क मूळ कॅलिपरमध्ये (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागात) मावत नाही, आणि फिया या आंतरराष्ट्रीय मोटारशर्यत संघटनेच्या परिशिष्ट ‘के’ या नियमावलीखालील ऐतिहासिक शर्यतींत गाडी त्या काळच्या रचनेप्रमाणेच असावी लागते.

आगोटीच्या कामांतच ब्रेकचे काम धरावे. चाके काढून डिस्क आणि कॅलिपर गोड्या पाण्याने धुवावेत आणि गाडी थोडी चालवून, ब्रेक दाबून सारे कोरडे करावे. नंतर पॅड काढून ठेवावेत, चाकांना लाकडी उटी लावून हँडब्रेक सैल सोडावा आणि पॅड पुन्हा बसेपर्यंत ब्रेकच्या पेडलला कोणी पाय लावू नये म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधावी, कारण पॅड नसताना पेडल दाबले तर कॅलिपरमधले पिस्टन बाहेर येतात. डिस्कच्या घासणाऱ्या भागावर तेल किंवा ग्रीस मुळीच लावू नये. काकांच्या काळातले पॅड अजून गाडीत असतील तर त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. त्यांची भुकटी हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

प्रश्न : माझ्या जुन्या फियाटला शर्यतीसाठी पुढे डिस्क ब्रेक बसवून घेतले आहेत. नवी डिस्क लगेच जोरात वापरली तर चालते का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : चालत नाही. आधी डिस्कवरचे संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण काढावे. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० किलोमीटरपर्यंत वेग मध्यम दाबाने आठदहा वेळा उतरवावा, म्हणजे पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर चढतो. यात गाडी पूर्ण थांबवायची नाही, कारण तापलेले पॅड एकाच जागी दाबून धरले तर त्याचा ठसा तिथेच उमटतो. शेवटी दहा मिनिटे ब्रेक शक्यतो न लावता गाडी चालवून डिस्क निवू द्यावी. भल्या पहाटे, रस्त्यावर वर्दळ सुरू होण्याआधी, हे काम उरकावे.